जाळ्या आणि चांदण्या

आचलच्या हाताला माऊसची वायर लागली की ती थेट तोंडात जायची. म्हणून मी माऊसच काढून फडताळात ठेवून दिला. डाव्या मांडीवर आचल आणि उजवा हात कीबोर्डवर. एम.टेक.च्या शेवटच्या सेमिनारच्या सगळ्या स्लाइड मी अशा केल्या.

माऊसशिवाय स्लाइड कशा होतील, असं कुणीही विचारील. माझी रीत वेगळी होती. कॉलेजात असताना मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. आपण फक्त साधा इंग्रजी मजकूर टाइप करायचा, पत्र लिहावं तसा. फुली-गोळा खेळताना पोरं आखतात तसली जाळीची खूण कीबोर्डवर असते, ती ओळीच्या सुरुवातीला दोनदा दिली की तिथून नवी स्लाइड. चांदणी दिली की मुद्दा. फोटो हवा तर एक वेगळी खूण आणि पुढे फोटोचं नाव. मग प्रोग्रॅम चालवायचा. अक्षर केवढं, रंग कोणता, फोटो कुठे बसवायचा, ते सगळं तो बघून घेई. मला काय म्हणायचं आहे तेवढंच मी लिहायचं. वाक्य अर्धं असताना आचल रडली तर अर्धंच सोडून उठता येई आणि परत येऊन तिथूनच धरता येई. बाळंतिणीसाठी याहून सोयीचं काही निघालं असेल असं मला वाटत नाही.

कॉम्प्युटर दुकानाचा होता. सासऱ्यांचं समुद्रपूरला भांड्यांचं दुकान. गाव त्यांना नानाजी म्हणतं, मी मामाजी म्हणते. कॉम्प्युटर बिलांपुरता घेतलेला, जुना, दमेकरी. त्याच्यावर मोठं काही चालत नसे. माझ्या मजकुराचं त्याला ओझं नव्हतं. फोटो घातले की मात्र तो मान टाकायचा. म्हणून मजकूर इथे लिहायचा आणि फोटोंसकट पक्क्या स्लाइड वर्ध्याला कॉलेजच्या लॅबमध्ये बनवायच्या असं मी ठरवलं होतं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून सगळी जेवायला, पडायला आत गेली की मी बाहेर येऊन बसायची. त्या वेळात लाइट राहिली तर दुपार माझी, नाही तर महावितरणची.

आचल पोटात होती तेव्हा मी कॉलेज सोडून आले होते. काम सगळं झालं होतं. कापसाच्या रुईत पालापाचोळा, बोंडाची साल, दोरे किती मिसळलेत हे फोटोवरून ओळखायचं, हा माझा विषय. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात उभं राहून, नाकाला ओढणी बांधून मी ते फोटो काढलेले. उरला होता तो फक्त सेमिनार. तो पुढे पुढे ढकलत दीड वर्ष गेलं. मग माझे गाइड काळबांडे सर फोनवर म्हणाले की समीक्षा, या मंगळवारी नागपूरचे परीक्षक येताहेत, विद्यापीठानं दिलेली ही शेवटची मुदत आहे, यानंतर रजिस्ट्रेशन रद्द. पुन्हा करायचं तर ॲडमिशनपासून. ॲडमिशनपासून म्हणजे कधीच नाही, हे मला कळत होतं. घरातही सगळ्यांना कळत होतं आणि कुणी ते तोंडानं म्हणत नव्हतं.

माझ्या नवऱ्याला, धीरजला हिंगणघाटच्या मिलमधून सुट्टी मिळेना. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या की मी येते पोरीला धरायला. मी त्यांना आई म्हणते. त्या माझ्या शिकण्याच्या विरुद्ध नव्हत्या, बाजूच्याही नव्हत्या. स्क्रीनकडे बघून त्या एकदा शेजारणीला म्हणाल्या होत्या, "इंजिनेर सून आणली म्हन्लं, तं हे दिवसभर जाळ्या अन् चांदण्या काढते. याच्यापेक्षा आंगणात रांगोळी काढली असती तं लोकायले तरी दिसली असती."

मामाजींना मात्र त्या जाळ्या-चांदण्यांचं मोठं कुतूहल. सोमवारी दुपारी ते जेवून बाहेर आले, माझ्या मागे उभे राहिले आणि विचारलं की हे असंच दिसणार काय मोठ्या पडद्यावर. मी त्यांना समजावून सांगितलं. इथे आपण खुणा लिहितो, त्या खुणा तिथे दिसत नाहीत, त्यांचं दुसरंच काही होऊन येतं. ते म्हणाले, "म्हंजे आपल्या बिलावानीच." मी हो म्हटलं. तेवढ्यात आत आचल उठली. मी फाइल तशीच उघडी ठेवून गेले. परत आले तो दुकान उघडलं होतं, लग्नसराईची गर्दी, स्टुलावर बसून मामाजी कुणाच्या तरी परातीवर नाव कोरत होते. संध्याकाळी धीरजनं सगळं पेनड्राइव्हवर भरून दिलं.

मंगळवारी सकाळी एस.टी.नं आम्ही तिघी निघालो. जाम गावच्या चौकात बस रिकामी होऊन पुन्हा भरली. आचल झोपली होती. मी मनातल्या मनात पहिल्या स्लाइडपासून बोलत होते, आणि शेजारी आई खिडकीबाहेर बघत, मधूनच आचलच्या टोपड्याची नाडी सारखी करत होत्या.

लॅबमध्ये निकेश आधीच बसलेला. आमच्याच बॅचचा, एका नोकरीपायी मागे राहिलेला. त्याचा सेमिनार माझ्या आधी होता. मी पेनड्राइव्ह लावला, प्रोग्रॅम चालवला.

एकच स्लाइड आली.

सगळा मजकूर त्या एका स्लाइडवर, मुंगीएवढ्या अक्षरात, फोटो एकमेकांवर पडलेले. विषय, रीत, निष्कर्ष, आभार सगळं एका ढिगात. मी पुन्हा चालवला. पुन्हा तोच ढीग.  मी मूळ मजकूर उघडला, आणि प्रत्येक जाळीच्या आधी दोन जादा अक्षरं दिसली. जे आणि एच. कुठे मध्ये जागा सोडून, कुठे चिकटून, कुठे दोनदा. एका ठिकाणी तर वरच्या ओळीवर वेगळीच. ओळीची सुरुवात जाळीनं होत नव्हती, म्हणून प्रोग्रॅमला नवी स्लाइड कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं आचलनं कीबोर्ड बडवला. पण आचल काही शोधून शोधून नेमकं शीर्षकालाच हात लावणार नाही. निकेशनं वाकून पाहिलं आणि व्हायरस असणार म्हणाला. पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लावू नकोस एवढं त्यानं आधी सांगितलं. मग म्हणाला, "तुले किती वेळा सांगितलं होतं, चारचौघांसारखं पॉवरपॉइंट कर म्हणून."

काळबांडे सर दारात आले. निकेशला आत चल म्हणाले आणि माझ्याकडे वळून, त्याचं झालं की तुम्ही. परीक्षकांना दुपारची गाडी धरायची आहे, ते थांबणार नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे बघून काही अडचण आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. काय सांगणार होते? व्हायरस असेल तर उरलेल्या मजकुरात त्यानं काय काय खाल्लं असेल, आकडे बरोबर असतील की बदललेले असतील, तेसुद्धा मला माहीत नव्हतं. परीक्षकांसमोर चुकीचे आकडे वाचण्यापेक्षा न गेलेलं बरं. आणि न जाणं म्हणजे संपलंच.

बाहेर आचल रडायला लागली होती. भुकेचं रडणं भिंतीपलीकडूनही कळतं. मी उठले. व्हरांड्यातल्या बाकावर पदर घेऊन तिला जवळ घेतलं. तिचं पिणं शांत, सावकाश, जगाची काही घाई नसल्यासारखं. आणि माझं काळीज असं धडधडत होतं की तिला ते ऐकू जात असेल याची मला लाज वाटली. आईंनी विचारलं, काऊन, तोंड काऊन उतरलं. मी म्हटलं की सगळं बिघडलं, कुणी तरी प्रत्येक ठिकाणी जे एच लिहून ठेवलंय.

आई एकदम म्हणाल्या, "ते कुनी नाई वं. ते श्री हाय."

श्री कसं, असं मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. दुकानाच्या बिलावर सगळ्यात वर श्री लागतं. बिलाच्या प्रोग्रॅमात ते लिहायला जे आणि एच दाबावं लागतं. पडद्यावर इंग्रजी दिसतं, कागदावर श्री उमटतं. मामाजींना कॉम्प्युटरवर तेवढा एकच शब्द येतो, आणि तो मात्र पक्का येतो. सोमवारी मी आत गेल्यावर त्यांनी माझं काम पाहिलं. इतकी पानं आणि एकाच्याही माथ्यावर श्री नाही. नाव कोरायला घेतलेल्या परातीवरसुद्धा ते आधी श्रीची टिंबं मारतात, तर सुनेचं एवढं मोठं काम असं उघडं कसं पाठवायचं?

"पाय धुऊन आले ना ते," आई म्हणाल्या. "मी बाजूलेच बसली होती. एक एक बोटानं, प्रत्येक पानावर. म्हने इथं खुणा लिवल्या का तिथं दुसरंच होऊन येते, समीक्षानंच सांगितलं. मंग बंद करताना कम्प्युटरनं काही तरी विचारलं, तं एंटर मारला."

चुकलं काय होतं त्यांचं? मीच तर हो म्हटलं होतं, बिलासारखंच. मला हसूही येईना आणि रागही धड येईना. एक मात्र कळलं. व्हायरस नव्हता. आकडे शाबूत होते. मी म्हटलं की मग ते सगळे जे एच मी आत्ता काढून टाकते, तुम्ही हिला धरा.

आईंनी हात पुढे केला नाही.

"श्री पुसतेत काय वं आजच्या दिवशी?"

हे त्या भांडायला म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात भीती होती, माझ्यासाठीची. मी आजपर्यंत त्यांच्याशी वरच्या आवाजात बोलले नव्हते. त्या क्षणी बोलले असते. नाही पुसलं तर माझं सगळं पुसलं जाणार आहे, असं काहीसं ओठापर्यंत आलं होतं. पण आचल अंगावर होती आणि तिनं दूध सोडून माझ्याकडे पाहिलं. मी गिळलं. मी म्हटलं, "पुसत नाई, आई. दुसरं काही तरी करते. धरा हिला."

खरं सांगायचं तर दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. लॅबच्या खुर्चीवर बसल्यावर कळलं की एक एक जे एच शोधून काढायलाही वेळ पुरणार नाही. सगळे एकसारखे असते तर एका फटक्यात काढता आले असते. मामाजींच्या बोटानं प्रत्येक वेगळं केलं होतं. मजकुराला हात लावण्यापेक्षा प्रोग्रॅमलाच हात लावावा, हे तेव्हा सुचलं. माझा प्रोग्रॅम बघायचा की ओळीच्या सुरुवातीला जाळी आहे का. मी त्याला सांगितलं की ओळीत कुठेही जाळी असली तरी नवी स्लाइड समज. एवढीच ओळ बदलली. चालवला.

स्लाइड सुट्या झाल्या. फोटो आपापल्या जागी बसले. फक्त जाळ्या गळून गेल्या तरी जे एच तसेच राहिले. प्रत्येक शीर्षकाच्या आधी, ठळक निळ्या अक्षरात. ते लपवायला आणखी एक ओळ लागली असती. पण दार उघडलं, निकेश रुमालानं कपाळ पुसत बाहेर आला आणि सरांनी माझं नाव पुकारलं.

परीक्षक सडपातळ, पन्नाशीपुढचे, हातातलं पेन सारखं टोपणात घालणारे आणि काढणारे. मी बोलायला लागले. पहिल्या काही स्लाइड बऱ्या गेल्या. रुईचे फोटो मोठ्या पडद्यावर आले तेव्हा माझा आवाजही जरा मोठा झाला. दाराबाहेर आचल रडत होती. आई तिला घेऊन लांब जात असाव्यात, कारण आवाज कमी होई आणि पुन्हा जवळ येई.

"एक मिनिट," परीक्षक म्हणाले. "हे जे एच काय आहे? प्रत्येक स्लाइडवर आहे. कुठल्या संस्थेचं नाव आहे का?"

मी म्हटलं, "सर, ते श्री आहे."

काळबांडे सरांनी मान खाली घातली. मी थोडक्यात सांगितलं, की सासऱ्यांनी लिहिलं, बिलावर ते असंच लिहितात. परीक्षक हसले नाहीत. टोपण लावलं. म्हणाले, "म्हणजे तुमच्या फाइलमध्ये घरचे लोक लिहितात. श्री सासऱ्यांनी लिहिलं, ते कळलं. बाकीचं कुणी लिहिलं?"

 दीड वर्ष गैरहजर असलेली बाई, एकाएकी मुदतीच्या शेवटच्या दिवशी तयार काम घेऊन उभी राहते. त्यांनी असं पाहिलेलं असणार, विकत घेतलेले प्रबंध, दुसऱ्यानं बनवलेल्या स्लाइड. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की हा माणूस आता सही करणार नाही.

मी म्हटलं, "सर, तुम्ही विचारा. जे इथे नाही ते विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. तुमचे सगळे फोटो कोरड्या रुईचे आहेत. ओल आली की रुई काळपट दिसते, मग तुमची पद्धत तिला कचरा समजणार नाही का? ते माझ्या स्लाइडमध्ये नव्हतं. प्रयोग केला होता. प्रबंधाच्या मागच्या भागात होता, सेमिनारला वेळ कमी म्हणून मी गाळला होता. बोलून सांगता आलं असतं. पण बोलणं पाठ करून येता येतं. मी स्लाइड बंद केल्या आणि त्यांच्यासमोर साधा मजकूर उघडला.

आणि तेव्हाच दार उघडून आई आत आल्या. आचल त्यांच्या खांद्यावर लालबुंद, श्वास अडकेपर्यंत रडत. त्या कुणाकडेही न बघता सरळ माझ्यापाशी आल्या आणि तिला माझ्या कडेवर दिलं. म्हणाल्या, "आता माह्याच्यानं नाई होत. तू कर तुहं काम."

परीक्षक काही बोलायच्या आत मी लिहायला लागले होते. नवी ओळ, दोन जाळ्या, शीर्षक: ओल्या रुईवरचा परिणाम. चांदणी, किती नमुने. चांदणी, कोरड्यात किती चुका. चांदणी, ओल्यात किती. हो, वाढतात, जवळपास दुप्पट. चांदणी, का वाढतात. मग पेनड्राइव्हमधल्या फोटोंच्या रांगेतून ओल्या रुईचा फोटो, ज्याच्या कोपऱ्यात जिनिंगमधल्या बाईचा हात आलेला आहे, त्याचं नाव. आचल हुंदके देत देत गप्प झाली आणि माझ्या कानातल्याशी खेळायला लागली. मी प्रोग्रॅम चालवला. नवी स्लाइड पडद्यावर आली, फोटोसकट. या एका स्लाइडच्या माथ्यावर जे एच नव्हतं.

परीक्षक पुढे वाकून बघत होते. "दुप्पट चुका होतात हे तुम्ही सेमिनारमधून गाळलं?" ते म्हणाले.

"गाळलं, सर. चूक झाली."

"हे आधी हवं होतं. हाच खरा प्रश्न आहे." मग त्यांनी आणखी बरंच विचारलं, ओल मोजली कशी, कॅमेरा कोणता, उजेड कुठून. मी उभ्या उभ्या सांगत गेले. काही ठिकाणी माहीत नाही म्हटलं. शेवटी त्यांनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

आम्ही बाकावर बसलो. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. आईंनी हळूच विचारलं, "तो तुले चोर समजून राह्यला होता काय?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून झाकण उघडून माझ्या हातात दिली. एरवी बाटली नुसती पुढे करतात.

काळबांडे सर बाहेर आले. "दुरुस्त्या आहेत," ते म्हणाले. ओल्या रुईचं प्रकरण पुढे आणायचं, ते नीट वाढवायचं, महिनाभरात द्यायचं. मी रजिस्ट्रेशनचं विचारलं. "सही झाली. आता कुठे जातंय ते." मग आचलच्या गालाला बोट लावून ते आत गेले, कारण परीक्षकांना गाडी होती.

मी रडले नाही.  आईंनी पदराच्या गाठीतून धीरजचा जुना मोबाइल काढला आणि दुकानात फोन लावायला लावला. मी आधी काय सांगावं त्याचा विचार करत होते. श्रीचं काहीच सांगू नये असं मला वाटत होतं. पण फोन आईंच्या कानाला होता.

"झालं म्हन्ते सायेब," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या श्रीनं पोरीचा जीव टांगणीले लावला होता. सारं एका जागी गोळा होऊन गेलतं." मग बराच वेळ त्या नुसतंच हूं, हूं करत राहिल्या आणि फोन मला दिला.

मामाजींचा आवाज बारीक झाला होता. मागे दुकानात कुणीतरी स्टीलचा डबा वाजवून बघत होतं. ते म्हणाले, "आता मी हात नाई लावत बाप्पा तुह्या कामाले. मले वाटलं तिकडं श्री होऊन येईन."

मी म्हटलं, "लावा, मामाजी. दुरुस्त्या करायच्याच हायेत. फक्त जाळीच्या आधी नका लिहू. जाळीच्या नंतर लिहा."

"नंतर लिवलं तं श्री दिसन काय?"

"नाई. जे एचच दिसन."

 "मंग काय फायदा?" त्यांनी विचारलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. प्रोग्रॅमला मराठी अक्षरं शिकवायची राहिली होती. घरी आल्यावर बघते म्हणून सांगितलं आणि आम्ही बस स्टँडकडे निघालो.